उभ्या बैठकीतली मोकळी जागा

फळाबाई हे नाव तिला तिच्या फळ्यामुळे पडलं. गुंडाळता येणारा पांढऱ्या रेक्झिनचा फळा खांद्याला लावून ती बसमध्ये चढायची, तेव्हा कंडक्टर आधी फळ्याला जागा करून द्यायचा आणि मग बाईंना. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीतला वरचा हॉल तिने भाड्याने घेतला, तेव्हा तळमजल्यावरच्या बाइंडरने ते नाव अर्धवट ऐकलं आणि त्याला वाटलं, कोणी फळवाली येतेय. पहिल्याच दिवशी त्याने केळी आहेत का म्हणून विचारलं. तिने त्याच्या हातात वर्गाचं पत्रक दिलं. ‘नव्याने शिकणाऱ्यांसाठी अ‍ॅजाइल प्रोजेक्ट मॅनेजमेंट, प्रत्यक्ष करून बघत’ एवढं वाचून तो म्हणाला, यापेक्षा केळी बरी होती.

त्याआधी ती लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात कामाचं नियोजन करायची. भिंतभर तक्ते, त्यांवर वर्षभराच्या तारखा, आणि पहिल्याच महिन्यात त्या तारखांचा उडणारा बोजवारा. पुढे एक नवा साहेब आला आणि त्याने ही अ‍ॅजाइल पद्धत आणली. नव्याचे नऊ दिवस, असं तिला वाटलं होतं. पण गोष्ट तिला पटत गेली. अख्खा डोंगर एकदम उचलायला जायचं नाही. झेपेल तेवढा दगड घ्यायचा, तो जागेवर नीट बसला का ते सगळ्यांनी मिळून बघायचं, मग पुढचा घ्यायचा. चुकलं तर एका दगडापुरतं चुकतं. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं, की कारखाना दुसऱ्या गावी हलला तेव्हा ती त्याच्यामागे गेली नाही. वर्ग घ्यायला लागली. नवरा त्याच कारखान्यातला मेकॅनिक, तोही राहिला आणि गावभरच्या लिफ्टा दुरुस्त करत फिरायला लागला. घरी ही दोघं आणि त्याची आई. सासूबाईंना सुनेच्या कामाचं मोठं नवल. त्या म्हणायच्या, काम कसं करायचं हेसुद्धा शिकवता येतं हे आमच्या वेळी कोणी सांगितलं नाही, नाहीतर शिकण्यातच जन्म काढला असता, काम कशाला केलं असतं?

वर्ग दोन दिवसांचा असायचा. दवाखान्यातली नर्स, बेकरीवाला, शिंपी, नुकती नोकरीला लागलेली कारकून मुलगी, असे कोणीही यायचे. फळाबाई भाषण देत नसे. पुठ्ठा, कात्र्या, दोरा आणि डिंक समोर टाकायची आणि सांगायची, एक गाव उभं करा. त्यात शाळा हवी, पूल हवा, पाण्याची टाकी हवी. फळ्यावर तीन रकाने: करायचं, चाललंय, झालं. प्रत्येक कामाची एक रंगीत चिठ्ठी. एका माणसाच्या हातात एका वेळी एकच चिठ्ठी. आणि ‘झालं’ म्हणजे खरोखर झालं. पुलावरून खेळण्यातली मोटार पलीकडे गेली, तरच पुलाची चिठ्ठी शेवटच्या रकान्यात जाणार. पहिल्या फेरीत सगळे आरंभशूर एकदम दहा घरं बांधायला घेत आणि एकाचंही छप्पर बसत नसे. तेव्हा ती हाताची घडी घालून बघत राहायची. दुसऱ्या फेरीत लोक आपणहून शहाणे व्हायचे.

प्रत्येक फेरीच्या आधी उभी बैठक. बैठक आणि उभी, यावर प्रत्येक वर्गात कोणीतरी विनोद करायचंच. ती सांगायची, बसलं की माणूस पसरतो, आणि माणूस पसरला की त्याचं बोलणं पसरतं. म्हणून सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या. मागे काय केलं, आता काय करणार, आणि घोडं कुठे अडलंय. तिसऱ्या प्रश्नावर तिचा सगळा भर. तुमची अडचण तुम्ही सांगा, ती दूर करणं हे माझं काम, असं ती प्रत्येक वर्गाला वचन द्यायची.

हॉल मोठा होता. छत उंच, गल्लीच्या बाजूला उंच खिडक्या, खाली लाकडी फळ्यांची जमीन. जमिनीत ओळीने बोल्टची भोकं होती. पूर्वी तिथे टेलिफोनचे बोर्ड बसवलेले असत आणि त्यांच्यापुढे ऑपरेटर बायका कानाला यंत्र लावून रांगेत बसत, एवढं मालकाने सांगितलं होतं. मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं. त्यात ती पुठ्ठे ठेवायची.

मोकळी जागा तिच्या पहिल्यांदा लक्षात आली, तेव्हा तिने ती मनावर घेतली नाही. माणसं गोल उभी राहिली की गोल कधी नीट होत नाहीच. पण तिसऱ्या खिडकीसमोर, कपाटाकडे तोंड होईल अशा ठिकाणी, दोन माणसांमध्ये एका माणसाची जागा सुटलेली होती. ती म्हणाली, जवळ या जरा. लोक जवळ आले, गोल लहान झाला, आणि जागा तेवढीच राहिली. पुढच्या वर्गात माणसं वेगळी होती. जागा तिथेच होती.

मग ती लक्ष ठेवायला लागली. खिडकीतून वाऱ्याचा झोत येत असेल म्हणून खिडकी बंद केली. ऊन डोळ्यांवर येत असेल म्हणून पडदा लावला. गोल हॉलच्या दुसऱ्या टोकाला केला, तर तिथे माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. परत तिसऱ्या खिडकीसमोर आणली, की पुन्हा मधे एक माणूस मावेल एवढं अंतर. कोणी मुद्दाम करत नव्हतं. विचारलं तर लोक खाली बघायचे, ओशाळायचे, एक पाऊल सरकायचे आणि बोलता बोलता परत पहिल्या जागी यायचे.

एक खेळ होता चेंडूंचा. गोलात उभं राहून चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरवायचा, वेळ मोजायची, मग आपसांत ठरवून पद्धत सुधारायची. त्या खेळात एकदा नर्सने चेंडू उजवीकडे दिला आणि मोकळी जागा ओलांडून तो बेकरीवाल्याच्या हातात गेला. तो पडला नाही, फेकला गेला नाही. फक्त मधे किंचित थांबला. बघणाऱ्याला वाटावं, आपली पापणी लवली तेवढ्यात झालं. फळाबाईने नर्सला विचारलं, एवढ्या लांबून कसा पोचवला? नर्स म्हणाली, लांब कुठे, शेजारी होते त्यांच्या हातात दिला. शेजारी कोण, हे विचारायला फळाबाईची जीभ रेटेना.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो मुळात हाताने तपासल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा. एका सुट्टीच्या सकाळी तो जमिनीची पातळी बघायची पाणसळ घेऊन हॉलवर आला, सोबत चेष्टा करायला त्याची बहीणही आली. जमीन सपाट निघाली. फळ्या घट्ट होत्या. नणंद हसून म्हणाली, वहिनी, तुझ्या वर्गात लोक झोपा काढत असतील, म्हणून लांब लांब उभे राहतात. मग तिघं गंमत म्हणून गोल उभी राहिली. नवरा काहीतरी बोलत होता आणि बोलता बोलता शेजारी बघायला लागला. फळाबाईने त्याच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. तो आणि त्याची बहीण यांच्यामध्ये जागा होती. तिघं तीन कोपऱ्यांना नव्हतीच, चौघं उभी राहावीत तशी उभी होती. नणंदेने पर्स उचलली आणि गॅसवर काहीतरी ठेवून आल्याचं तिला आठवलं.

यानंतर दुसरी कोणी असती तर तिने हॉल सोडला असता. फळाबाईलाही ते सुचलं. पण एवढ्या उजेडाचा हॉल तेवढ्या भाड्यात मिळाला नसता, आणि खरं म्हणजे तिला त्या जागेची भीती वाटण्याआधी तिची सवय झाली होती.

मग तो पावसाळी हवेचा वर्ग आला. सकाळची उभी बैठक चालू होती. शिंप्याने आपलं सांगितलं. मग मोकळी जागा. तिच्या पलीकडे कारकून मुलगी उभी होती, बोलण्याची पाळी तिची. पण ती बोलेना. कोणीच बोलेना. सगळ्यांच्या माना किंचित त्या जागेकडे वळलेल्या, चेहऱ्यावर ऐकून घेणाऱ्या माणसाचा सभ्यपणा. एका बाईने समजल्यासारखी मान हलवली. फळाबाईला बाहेरच्या पन्हाळीतून पडणारं पाणी ऐकू येत होतं, दुसरं काही नाही. मग मुलीने श्वास घेतला आणि आपण शाळेचं छप्पर बसवणार असल्याचं सांगितलं. जसं काही झालंच नव्हतं.

दोन दिवसांच्या शेवटी मागे वळून बघण्याचा एक तास असायचा. काय बरं झालं, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, हे प्रत्येकाने मोकळेपणाने सांगायचं. त्या तासाला शिंपी जरा नाराजीने म्हणाला, "बाकी सगळं छान झालं. पण त्या बाईंनी सकाळी जिन्याची अडचण सांगितली, तिचं तुम्ही काहीच केलं नाहीत. अडचण काढणं तुमचं काम म्हणाला होतात."

फळाबाईने विचारलं, कोणत्या बाईंनी?

शिंप्याने कारकून मुलीकडे हात केला. मुलगी म्हणाली, मी नाही, मला वाटलं ह्या म्हणाल्या. असं बोट एकाकडून दुसरीकडे फिरत सगळ्या वर्गाला वळसा घालून परत शिंप्यापाशी आलं. शब्द मात्र सगळ्यांना पाठ होते. मागच्या जिन्याचं दार आजही उघडत नाही. आवाज कसा होता, हे तिने शक्य तितक्या सहज विचारलं. लोकांनी आठवून बघितलं. बाईचा आवाज, तरुण. प्रत्येक अक्षर सुटं. मुलगी म्हणाली, फोनवर पलीकडून नंबर विचारतात ना, तसा.

लोक गेल्यावर फळाबाई लोखंडी कपाटापाशी गेली. ते तिला एकटीला हलेना. पण भिंत आणि कपाट यांच्या फटीत तिने हात घातला, तेव्हा बोटांना गार भिंतीऐवजी लाकडाची चौकट लागली. भिंतीच्याच रंगात रंगवलेली.

त्या संध्याकाळी चहा घेताना तिने ही हकिगत सासूबाईंना सांगितली, विषय हलका ठेवून. म्हणाली, आज वर्गात कोणीतरी म्हणालं की मागच्या जिन्याचं दार उघडत नाही, आणि कोण म्हणालं तेच कोणाला ठाऊक नाही. ‘आजही’ हा शब्द ती गाळून गेली. तिला तो विशेष वाटला नव्हता.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "तुझा हॉल नेमका कुठे आहे?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. इतक्या महिन्यांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि तिनेही एक भाड्याचा हॉल यापलीकडे सांगितलं नव्हतं.

"मग ‘आजही’ म्हणाली असेल," सासूबाई म्हणाल्या. "दार आजही उघडत नाही. रोज तसंच म्हणायची."

फळाबाईने आपलाही कप खाली ठेवला.

सासूबाई लग्नाआधी टेलिफोन ऑपरेटर होत्या, एवढंच घरात माहीत होतं; कोणत्या एक्स्चेंजमध्ये ते नाही, कारण त्या दिवसांबद्दल त्या मूग गिळून असत. आता त्यांनी सगळं सांगितलं, शांतपणे, मधे मधे थांबत. तिथे बायकांना नावं नव्हती, बोर्डाचे नंबर होते. दुपारच्या पाळीत या सातवी. सकाळच्या पाळीतलीही सातवीच. एकाच बोर्डावर, एकाच खुर्चीवर. ती उठायची आणि या बसायच्या, तेव्हा खुर्ची तिच्या अंगाने उबदार असायची. पाळी बदलताना दोघींची दोन वाक्यं व्हायची, तेवढीच मैत्री. पण हसरी होती. कामाच्या आधी सगळ्यांना ओळीत उभं करून मुकादमीण हजेरी घ्यायची आणि काही सांगायचंय का विचारायची. मागचा जिना सातवीच्या खुर्चीपासून चार पावलांवर. बायका त्या जिन्याने गल्लीत जाऊन पाय मोकळे करतात म्हणून वरच्या साहेबांनी त्याला कुलूप घातलं होतं. सकाळची सातवी रोज हजेरीला सांगायची, मागच्या जिन्याचं दार आजही उघडत नाही. ‘बघू’ असं उत्तर मिळायचं. पुढे एका सकाळी खालच्या केबलच्या खोलीत काहीतरी पेटलं. पुढच्या जिन्याने धूर वर आला. बायका ओढण्या-पदर तोंडाला लावून त्याच धुरातून कशाबशा खाली उतरल्या. सातवी जवळच्या दाराकडे गेली. कदाचित तिला वाटलं असेल, निदान आज तरी.

"मी दुपारच्या पाळीला गेले तर खाली गर्दी होती," सासूबाई म्हणाल्या. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी आपोआप जोडणारी यंत्रं आली, बायकांची नोकरी संपली, कोणीतरी दाराला भिंतीचा रंग दिला.

दुसऱ्या दिवशी फळाबाई मालकाकडे गेली. दार उघडून द्या म्हणाली. मालक भला माणूस होता, पण आळशी. त्याने हसून मान डोलावली आणि म्हणाला, बघू.

एरवी ती माणसाला वेळ देणारी होती. त्या शब्दाने मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सांगितलं, दार उघडेपर्यंत मी तुमच्या पायरीवर वर्ग भरवीन, आणि अग्निशमनवाल्यांना पहिला पाठ बघायला बोलावीन. मालकाने त्याच दिवशी परवानगी दिली, खर्च मात्र तुमचा, म्हणाला.

नवऱ्याने येऊन कपाट बाजूला केलं. रंगाचे थर खरवडले, बिजागऱ्यांत तेल सोडलं, जुनं कुलूप कापलं. खरवडताना कडीच्या आसपासचं लाकूड उघडं पडलं, तेव्हा त्याने काम थांबवून तिथे आपला पंजा ठेवला. लाकूड निरखल्यासारखं करत तो तसाच उभा राहिला. पण तिने त्याआधीच पाहिलं होतं. कडीभोवती बारीक, उथळ, एकाच दिशेच्या रेघा होत्या. दार कुरकुरत उघडलं. पलीकडे साधा दगडी जिना होता. पायऱ्यांवर बोटभर धूळ, धुळीत एकही पाऊल नाही, आणि खाली मिट्ट काळोख.

तिला वाटलं, झालं. चिठ्ठी शेवटच्या रकान्यात गेली.

पुढच्या वर्गात जागा होतीच. माणसं नवी, त्यांना दाराबिराचा पत्ता नाही. मागे वळून बघण्याच्या तासाला एका मास्तरांनी विचारलं, त्या बाई म्हणाल्या तो खालचा अंधार कुठला? पूल बांधताना तर कुठे अंधार दिसला नाही. फळाबाईने त्यांना काहीतरी उत्तर दिलं. त्या आठवड्यात नवऱ्याने जिन्याला दिवे लावले. एकेक वायर ओढताना तो मोठ्याने गाणी म्हणत होता. गाणं त्याच्या गळ्यात कधी नव्हतं. फळाबाई वर पायरीवर बसून ते सहन करत राहिली, कारण गाणं थांबलेलं तिलाही नको होतं.

त्यानंतरच्या वर्गात त्या बाईंची अडचण म्हणून लोकांना आठवलं ते खालचं बंद दार. जिना जिथे संपत होता तिथे दार होतं, आणि त्याच्या पलीकडे बाइंडरचं दुकान. त्याने दाराला टेकवून कागदाचे गठ्ठे छतापर्यंत रचले होते. फळाबाईने विनंती केली, तर तो हात जोडून म्हणाला, बाई, माझ्या दुकानात माझीच उभं राहायची मारामार आहे, गठ्ठे काय डोक्यावर घेऊ? खरंच होतं ते. अर्धवट शिवलेल्या वह्या, पुठ्ठे लावायची पुस्तकं, कोणाचं काय कधी द्यायचंय याचा त्याला स्वतःलाच थांग नव्हता. सगळीकडे हात घातलेला, एकही काम हातावेगळं नाही. तिने त्याला वर्गाला यायला सांगितलं, फुकट. गावाऐवजी तुमच्याच दुकानाची कामं फळ्यावर लावू, म्हणाली.

तो आला, जरा थट्टेच्याच मूडमध्ये. चिठ्ठ्या लिहिता लिहिता त्याचा चेहरा बदलत गेला. ‘चाललंय’ या रकान्यात त्याच्या इतक्या चिठ्ठ्या झाल्या, की त्या खालच्या लाकडी जमिनीवर गळून पडायला लागल्या. नर्स, शिंपी असे आधी येऊन गेलेले काहीजणही त्या वर्गाला मदतीला आले होते. त्यांनी त्याच्याकडून एकेक काम पुरं करण्याचा क्रम लावून घेतला. आधी हे संपव, मग ते उचल. त्याने वहीवर हात मारून कबूल केलं, की केळ्यांपेक्षा हे बरं आहे.

दुसऱ्या सकाळच्या उभ्या बैठकीत तो नेमका मोकळ्या जागेच्या शेजारी उभा राहिला. आपलं सांगून झाल्यावर त्याने डावीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली मान घातली. फळाबाईला याही वेळी काही ऐकू आलं नाही. इतक्या माणसांनी ऐकलं, प्रश्न विचारणारीला मात्र एकदाही उत्तर कानाने मिळालं नाही, याचं तिला त्या क्षणी भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं.

दुपारी बाइंडर तिच्याजवळ आला. "मला कोणी काही सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "पण मी ऐकलंय. गठ्ठे हलवतो."

पुऱ्या झालेल्या वह्या गिऱ्हाइकांकडे गेल्या तशी दुकानात जागा झाली. गठ्ठे भिंतीकडे सरकले. दाराला आतून लावलेले खिळे त्याने स्वतः काढले आणि गल्लीपर्यंत वाट मोकळी केली. हे सासूबाईंच्या कानावर गेलं, तेव्हा त्या म्हणाल्या, पुढच्या वर्गाला मला ने.

गुडघ्यांमुळे त्यांना पुढचा जिना चढायला फार वेळ लागला. हॉलमध्ये आल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं नाही. थेट तिसऱ्या खिडकीकडे गेल्या, जमिनीतल्या भोकांपाशी चपलेचं टोक टेकवून उभ्या राहिल्या. लोक जमले, गोल झाला. सासूबाईंच्या उजवीकडे जागा सुटली. फळाबाईने नेहमीसारखे तीन प्रश्न सांगितले.

एकेकाची पाळी झाली. सासूबाई म्हणाल्या, मी काही करत नाही आणि माझं काही अडलेलं नाही, मी फक्त सोबतीला आलेय. मग सगळे थांबले. खिडकीची काच वाऱ्याने वाजली. सासूबाईंनी मान उजवीकडे केली आणि हजेरीला उभ्या राहिलेल्या तरुण मुलीसारख्या ताठ झाल्या. नंतर त्या हळूच "बरं" म्हणाल्या.

फेरी सुरू झाली, लोक पुठ्ठे कापायला बसले. फळाबाईने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, काय म्हणाली?

"अडलेलं काही नाही म्हणाली. आज घरी जाते म्हणाली." सासूबाईंनी पदर सावरला. "चल, मला खाली सोड. मागच्या जिन्याने."

दोघी उतरायला लागल्या. दिवे लागलेले होते. जिना अरुंद, दोघींना शेजारी शेजारी चालता येत नव्हतं, म्हणून फळाबाई पुढे आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून सासूबाई मागे. अर्ध्या वाटेवरच्या वळणावर सासूबाई थांबल्या आणि भिंतीला पाठ लावून अंग चोरून उभ्या राहिल्या. गर्दीत कोणाला पुढे जाऊ द्यायचं असलं की माणूस उभा राहतो, तशा. फळाबाईही भिंतीला टेकली. तिच्या गालाला कागदाच्या आणि डिंकाच्या वासाची हवा लागली, ती खालून वर येणारी होती. आणि मग क्षणभर उलट, वरून खाली जाणारी.

खाली बाइंडर दार धरून उभा होता. पायांचा आवाज ऐकून त्याने आधीच उघडून ठेवलं होतं. म्हातारीला त्याने हाताला धरून उंबऱ्यापलीकडे घेतलं, फळाबाई बाहेर आली, दोघी गल्लीत उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. तो मात्र दार धरून तसाच राहिला, एक पाय मागे घेऊन, वाट करून दिल्यासारखा. मग त्याने दार सोडलं आणि आपण इतका वेळ कोणासाठी उभे होतो, अशा चेहऱ्याने हाताकडे पाहिलं.

त्यानंतरच्या वर्गात माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. फळाबाईने तीन-चारदा मोजलं, पण आलेली होती तेवढीच माणसं भरली. सासूबाई नंतर पुन्हा वर आल्या नाहीत. त्या सकाळबद्दल विचारलं, की म्हणायच्या, मी सांगितलं तेवढंच झालं. बाइंडरच्या दुकानातल्या भिंतीवर आता रंगीत चिठ्ठ्या लागलेल्या असतात, आणि तो मागचं दार दिवसभर उघडं ठेवतो. हॉलमधली माणसं चहाला त्याच जिन्याने उतरतात. मधल्या वळणावर पोचली, की का कोण जाणे, बोलणं थांबवून एकामागे एक होतात आणि भिंतीच्या बाजूने जातात. फळाबाईने एकदा त्यांना हटकायचं ठरवलं होतं. वळणापर्यंत गेली, आणि तीही भिंतीच्याच बाजूने उतरली.